पॅकेट वाचताना शिरलेला ‘विटी’

नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला येणारे प्रत्येक पॅकेट उघडून वाचावे लागते. धोका नेमका तिथेच असतो. मार्च २००४ मध्ये ‘रिअलसिक्युअर’ आणि ‘ब्लॅकआइस’ या सुरक्षा प्रणालींत हा धोका खरा ठरला. आयसीक्यू या चॅट सेवेचे संदेश तपासणारा कोड मजकुराची लांबी न पाहताच तो मेमरीतल्या ठरावीक जागेत उतरवून घेई. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेवर पसरे आणि त्यात दडवलेल्या आज्ञा संगणक पाळू लागे. उणीव जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत ‘विटी’ हा स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम (वर्म) सुटला. एकेका यूडीपी पॅकेटमधून त्याने सुमारे १२,००० संगणक गाठले आणि हार्ड डिस्कवर वाटेल तिथे कचरा लिहून माहिती नासवली. वापरकर्त्याने काही उघडण्याचीही गरज नव्हती. म्हणून अशा सॉफ्टवेअरचे अपडेट लांबणीवर टाकू नयेत आणि नवा कोड रस्टसारख्या, मेमरीच्या मर्यादा स्वतः तपासणाऱ्या भाषांत लिहावा.