यादीत राहून गेलेल्या कादंबऱ्या

‘निवृत्तीनंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवलेल्या पुस्तकांची यादी बहुतेकांजवळ असते. म्हैसूरनिवासी मराठी वाचकाच्या यादीत तीन ऐतिहासिक कादंबऱ्या अवश्य असाव्यात.

पहिली, हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’. मेडोज टेलर यांच्या १८४० मधील इंग्रजी कादंबरीवर बेतलेली ही टिपू सुलतानाची कथा. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबरीलेखनाचा प्रारंभ हिच्यापासूनच झाला. दुसरी, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२). हैदरअलीवर स्वाऱ्या करणारे थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तले. तिसरी, ज्ञानपीठविजेते मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची ‘चिक्कवीर राजेंद्र’ (१९५६). शेजारचे कोडगू राज्य १८३४ मध्ये इंग्रजांच्या हाती कसे गेले, याची ही कहाणी आहे.

पुण्याहून पाहता हैदर शत्रू. श्रीरंगपट्टणच्या गुंबजापाशी उभे राहता तोच येथला राज्यकर्ता. केवळ एक बाजू वाचून इतिहासाचा ताळेबंद जुळत नाही. शिवाय मुदतीबरोबर ठेव वाढते. वाचनासाठी उरलेली मुदत मात्र घटतच जाते. तेव्हा वाचकहो, निवृत्तीची वाट न पाहता यांपैकी एक पुस्तक येत्या रविवारीच हाती घ्यावे.