उपासाची गोळी

कमी खाणारे उंदीर जास्त जगतात, हे 1935 पासून माहीत आहे. पण जन्मभर अर्धपोटी राहणार कोण? म्हणून शरीराला उपासाचा भास करून देणाऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. त्यांत रॅपामायसिनची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध ‘एमटॉर’ या प्रथिनाला आवर घालतं. मग अन्न मुबलक असल्याचा निरोप पेशीला पोचत नाही. ती वाढ आवरते आणि आपलीच खराब प्रथिनं मोडून वापरते. 2009 च्या प्रयोगात ते 600 दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना दिलं, तरी माद्यांची आयुर्मर्यादा 14 टक्के, नरांची 9 टक्के वाढली. उंदराचं माणसाला लागू पडेल कशावरून, हा आक्षेप रास्तच. शिवाय मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते हेच औषध. डोस कमी ठेवला की झालं, असं समर्थक म्हणतात. पण त्यानं माणसाचं आयुष्य वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तोवर धडधाकट माणसानं ते आपल्या मनानं घेऊ नये.