करवतीचा हिशेब

करवत हा शब्द आमच्या घरांतून अजून नाहींसा झालेला नाहीं. पण बहुतेक ठिकाणीं तो लुगड्याच्या किंवा धोतराच्या कांठापुरताच उरला आहे. विदर्भांतील करवतकांठी वस्त्रांच्या कांठावर जी दातेरी नक्षी असते, तिच्यावरून त्यांस हें नांव पडलें. ज्या हत्याराचें तें नांव, त्याचे जुने प्रकार मात्र आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलेहि नसतील. संस्कृतांतील ‘करपत्र’ या शब्दापासून करवत झाली. सुश्रुतानें जीं वीस शस्त्रें सांगितलीं आहेत, त्यांतहि करपत्र आहे. म्हणजे सुताराच्या हातचें हें साधन वैद्याच्याहि हातीं होतें.

बदलापूरजवळचें सोनिवली हें उल्हास नदीच्या खोऱ्यांतील गांव आज कुळगांव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. १८५६ सालीं कल्याणच्या पुढें घाटाच्या पायथ्याच्या दिशेनें आगगाडी सुरू झाली आणि या बाजूचीं गांवें मुंबईशीं जोडलीं गेलीं. अलीकडे तर इकडे इमारतींची दाटीच झाली आहे. अशा भागांत जुनें घर उतरलें म्हणजे त्याच्या तुळया, खांब व फळ्या लांकडाच्या वखारीची वाट धरतात. तेथें त्यांवर रंधा फिरला कीं सागाचा नवा रंग वर येतो आणि जुन्या हत्याराच्या खुणा कायमच्या पुसल्या जातात. त्या खुणा कोणत्या व त्यांचें मोल काय, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम सुताराची नित्याची करवत पाहूं. आज बाजारांत मिळणारी विलायती धाटणीची करवत पुढें ढकलतांना कापते. जुन्या देशी करवतीचे दाते मुठीकडे वळलेले असत व ती आपल्याकडे ओढतांना कापी. यांत अडाणीपणा नव्हता. आमचा सुतार जमिनीवर बसून, लांकूड पायानें दाबून धरून काम करी. त्या बैठकींत ओढण्यास जोर चांगला मिळतो. शिवाय पातळ, मऊ लोखंडाचें पातें ढकललें असतां वांकतें, ओढलें असतां ताठ राहतें. हत्याराचा आकार माणसाच्या बैठकीवरून ठरला होता.

ओंडक्याच्या फळ्या पाडावयाच्या म्हणजे दोन माणसांची मोठी करवत लागे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकीत, किंवा त्याचें एक टोंक लांकडी घोड्यावर उंच टेंकवीत. गेरूंत भिजविलेलें सूत ताणून सोडलें म्हणजे कापण्याची रेघ उमटे. एक करवत्या ओंडक्यावर उभा राही, दुसरा खालीं. वरच्यानें करवत उचलावी व रेघ संभाळावी, खालच्यानें ती ओढावी. भुसा मात्र खालच्याच्याच डोळ्यांत जावा! चीर मिटून पातें अडकूं नये म्हणून मागें पाचर ठोकीत जात. दाते एक डावीकडे व एक उजवीकडे किंचित् वळविलेले असत, त्यामुळें चीर पात्याहून रुंद पडे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ सालीं राहता झाला. त्यास जुन्नरच्या रानांतील साग आणल्याचें सांगतात. त्या काळीं येथें वाफेची करवत नव्हती. जें जें लांकूड चिरलें गेलें तें माणसांच्या दंडांनींच.

करवत केवळ लांकडासाठीं असते असेंहि नाहीं. बंगाल्यांतील शांखारी लोक शंखाच्या बांगड्या कापीत, त्यांची करवत अर्धचंद्राकार, जड व रुंद पात्याची असे. कारागीर जमिनीवर बसून शंख पायांशीं घट्ट धरी व दोन्ही हातांनीं करवत मागेंपुढें झुलवी. ती जातांनाहि कापते व येतांनाहि. म्हणून आपण जेथें ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणतों, तेथें बंगाली माणसास शंखाची करवत आठवते. जेम्स हॉर्नेल यानें १९१४ सालीं शंखावर ग्रंथ लिहिला, त्यांत या धंद्याचें वर्णन आहे. पुढें केनॉयर या संशोधकानें सिंधुसंस्कृतींतील शंखकंकणांवरील खुणा तपासून दाखविलें कीं, तेथेंहि अशाच वळणदार धारेच्या ब्राँझच्या करवती वापरीत असत. याहून विलक्षण करवत आग्र्याच्या पच्चीकारीवाल्यांची. तिला दाते नाहींतच! धनुष्यास ताणलेली तार, आणि तिच्याखालीं पाणी व कुरुंदाची पूड. कापते ती पूड. तार केवळ तिला फिरविते.

आतां या श्रमाची मजुरी कशी ठरवीत? याचें उत्तर आमच्याच भास्कराचार्यांनीं दिलें आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील लीलावतींत ‘क्रकचव्यवहार’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. त्यांतील एक उदाहरण असें: ओंडक्याची जाडी बुडाशीं २० अंगुळें, शेंड्याशीं १६, लांबी १०० अंगुळें, तो चार रेघांवर चिरला, तर काम किती हात झालें? जाडीची सरासरी १८; तिला १०० नीं गुणून १८००; चार छेदांचीं ७२००. हात २४ अंगुळांचा, म्हणून वर्गहात ५७६ अंगुळांचा. भागाकार साडेबारा हात. आडव्या कापाचेंहि उदाहरण आहे: रुंदी ३२, जाडी १६, छेद ९; उत्तर ८ हात.

येथें लांकडाचें वजन मोजलें नाहीं, फळ्याहि मोजल्या नाहींत. चार छेदांनीं फळ्या पांच होतात, पण हिशेब चारांचाच. करवत जेवढ्या पृष्ठावरून गेली, तेवढें काम. आणि आचार्य पुढें सांगतात कीं, या कामाचा दर कामकऱ्यांशीं ठरावानें व लांकडाच्या मऊ-कठीणपणावरून धरावा. अशा सूक्ष्म गणितीनें मजुराची संमति हिशेबांत घ्यावी, हें आम्हांस विशेष वाटतें. चाळीसगांवजवळील पाटणें येथील शिलालेखावरून कळतें कीं, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, तेथें मठ स्थापला होता. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला.

हाच हिशेब घरच्या तुळईस लावून पाहावा. तुळई दहा हात लांब व अर्धा हात चौरस असेल, तर एका बाजूचें पृष्ठ पांच हात. चारी बाजू करवतलेल्या असल्यास वीस हात झाले. म्हणजे भास्कराचार्यांच्या सबंध ओंडक्याहून दीडपटीवर काम एका तुळईंत आहे, आणि घरांत तुळया किती तरी असतात.

मात्र बाजू खरोखर हातानें करवतलेली आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. दिवा तिरपा धरला म्हणजे खुणा स्पष्ट दिसतात. सरळ, पण अंतरानें व कलानें कमीजास्त असलेल्या रेघा दोन माणसांच्या करवतीच्या. वर्तुळाच्या तुकड्यासारख्या वांकड्या रेघा यंत्राच्या गोल करवतीच्या. सरळ, बारीक व एकसारख्या अंतराच्या असल्यास पट्ट्याच्या यांत्रिक करवतीच्या. आणि उथळ खळगे दिसले तर तें वाकसाचें काम.

घर उतरवूं नये असें आम्ही म्हणत नाहीं; कुटुंबें वाढतात, भिंती खचतात, आणि लांकडानेंहि पुन्हां उपयोगास यावें हेंच बरें. पण वखारवाल्यास बोलावण्यापूर्वीं एक दिवस काढावा. मुलांनीं तुळया मोजाव्या, हिशेब वहींत मांडावा, खुणांचें छायाचित्र घ्यावें. नव्या मेजास किंवा कपाटास तें लांकूड लावाल, तर एखादी आंतली बाजू रंध्याविना ठेवण्यास सुतारास सांगावें. माळ्यावर जुनी करवत निघाल्यास तिचे दाते घांसून चकचकीत करूं नयेत. हलका तेलाचा हात पुरे. वाडा कोणी बांधविला त्याचें नांव कागदपत्रांत सांपडतें. ज्यांनीं त्याचें लांकूड चिरलें त्यांचें बहुधा कोठेंच सांपडत नाहीं. त्यांची सही म्हणावी तर या रेघाच आहेत.