अष्टमी कोठें आहे?

"अष्टमी केव्हां आहे हो?" असें पंचांग चाळीत बसलेल्या गृहस्थास विचारलें, तर तो वार आणि घटका सांगेल. तोच प्रश्न रोह्याच्या बाजारांत विचारला, तर "केव्हां नव्हे, कोठें म्हणा! हा पूल ओलांडला कीं अष्टमी," असें उत्तर मिळण्याचा संभव फार. कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहें, दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोहोंची नगरपालिका एकच, आणि तिचें नांवही 'रोहा-अष्टमी'. शुक्लपक्ष असो वा कृष्णपक्ष, ही अष्टमी वर्षाचे ३६५ दिवस असते. तिला क्षय नाहीं आणि वृद्धीही नाहीं. तिथीचे उपवास कडकडीत पाळणाऱ्या आमच्या वडील मंडळींनीं या गांवीं बिऱ्हाड केलें असतें, तर त्यांच्या प्रकृतीचें काय झालें असतें, याची कल्पनाच केलेली बरी!

ही तिथि एकटीही नाहीं. जुन्या महसुली व्यवस्थेंत गांवांच्या लहानशा समूहास 'तर्फ' म्हणत, आणि एकाच नांवाचीं दोन गांवें असलीं म्हणजे तर्फेचें नांव जोडून तीं ओळखावीं लागत. त्यामुळें रोहें तालुक्याच्या दप्तरांत 'निडी तर्फे अष्टमी' आहे, 'चिंचवली तर्फे अतोणे' आहे, आणि तिची जुळी बहीण 'चिंचवली तर्फे दिवाळी' हीही आहे. दिवाळीस गांवीं जाणारे लोक पुष्कळ. परंतु पत्त्यांतच बारमाही दिवाळी असण्याचें भाग्य थोड्यांचें.

आतां आगगाडीनें या बाजूस येऊं. १९८६ सालीं हा लोहमार्ग रोह्यापर्यंत पोंचला, आणि पुढें १९९३ त वीरपर्यंत कोंकण रेल्वेची गाडी निघाली तीही येथूनच. पनवेल सोडल्यावर कांहीं वेळानें एक स्थानक येतें. त्याचें नांव 'आपटा'. नवख्या प्रवाशास ही आज्ञा वाटून तो हातांतलें गांठोडें घट्ट धरतो! वस्तुतः दसऱ्यास ज्याचें सोनें लुटतात, त्याच झाडाचें हें नांव. गंमत अशी, कीं आपट्याच्या पुढचेंच स्थानक 'जितें'. म्हणजे आपटूनही माणूस जिता राहतो, असें आश्वासन रेल्वेनें लगोलग देऊन ठेविलें आहे. सडकेनें जाणारांस नागोठण्याच्या पुढें 'वाकण' लागतें, आणि पालीच्या गणपतीस जाणारे तेथेंच वळतात. तें ओलांडून कोलाडकडे जातांना 'खांब' लागतें. त्या गांवांत खांब शोधण्याची खटपट आम्हीं लहानपणीं केली होती. विजेचे तेवढे सांपडले.

हंसून झाल्यावर थोडें खोल पाहिलें, म्हणजे या नांवांत भूगोल भरलेला दिसतो. ऐनघर, चिंचवली, आंबेवाडी हीं झाडांचीं नांवें. 'यशवंतखार', 'खारपाडा' यांतील खार म्हणजे भरतीचें पाणी बांध घालून अडवून मिळविलेली जमीन. एकेका खारीमागें चिखलांत कमरेइतके उभे राहून बांध घालणाऱ्या पिढ्या आहेत. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे फारसी शब्द. पहिल्याचा अर्थ थोरलें, दुसऱ्याचा धाकटें. पेण तालुक्यांतील गागोदे बुद्रुक येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनोबांचा जन्म झाला, आणि त्या गांवानें आपलें 'बुद्रुक' हें उपपद सार्थ केलें. खुद्द पेणेचें नांव इंग्रजी लिपींत वाचून मुंबईचीं मुलें तिला लेखणी समजतात. पण जुन्या मराठींत 'पेणें' म्हणजे प्रवासांतला मुक्काम. घाट उतरून खाडीकडे जाणाऱ्या वाटेवरील या गांवाशीं तो अर्थ जोडावासा वाटतो.

नांवांच्या घोटाळ्याचा मात्र आमच्या घरास एकदां चांगलाच चटका बसला. कांहीं वर्षांपूर्वीं पेणेस राहणारी माझी मावशी नणंदेकडे गेली असतां एकाएकीं आजारी पडली. पुण्यास निरोप आला तो एवढाच: "मावशी दादरला आहे, अत्यवस्थ, ताबडतोब निघा." थोरले बंधु पहिल्या गाडीनें मुंबईस गेले, दादरला उतरले, आणि दुपार टळेपर्यंत रुग्णालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. दूरध्वनि लागेना. सायंकाळीं लागला, तेव्हां उलगडा झाला कीं पेण तालुक्यांतही एक दादर आहे! हमरापूर, जोहें या गणपतीच्या मूर्ति घडविणाऱ्या गांवांच्याच बाजूस. पुण्याहून खोपोलीमार्गें गेले असते तर दुपारच्या आंत पोंचले असते. शेवटची एस. टी. गांठून ते रात्रीं पोंचले. मावशी शुद्धीवर होती. क्षीण हंसून म्हणाली, "मुंबईचें पाहून आलास ना? आतां आमचें बघ." पहांटे ती गेली. तेव्हांपासून आमच्या घरीं कोणीही पत्ता सांगतांना तालुका सांगितल्यावांचून राहत नाहीं.

याच तालुक्यांत एक वाशीही आहे, आणि पुढें माणगांव तालुक्यांत इंदापूर व गोरेगांव आहेत. या गोरेगांवाच्या स्थानकास रेल्वेनें 'रोड' हें शेपूट जोडून मुंबईच्या गोरेगांवापासून निराळें केलें. जिल्ह्याचीच तीच कथा. तो पूर्वीं कुलाबा जिल्हा होता, आणि अलिबागच्या समुद्रांतला कुलाबा किल्ला व मुंबईचा कुलाबा यांची परक्यांच्या मनांत सदैव गल्लत होई. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला. अलिबागेवरून तर सबंध महाराष्ट्र एकमेकांस चिडवितो. "अलिबागेहून आलास काय?" या उद्गारावर बंदी घालावी, असा अर्ज २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत झाला. असे विनोद सर्वच समाजांवर होतात, ते मनास लावून घेऊं नयेत, अशा अभिप्रायानें न्यायालयानें तो फेटाळला. निकाल शहाणपणाचा, असें माझें अलिबागकर स्नेहीही म्हणतात. अर्थात् थोडे थांबून.

परदेशांतही हा विनोद आहेच. फ्रान्समध्यें एका खेड्याचें नांव 'वाय' या एकाच अक्षराचें आहे, तर वेल्समधील एका गांवानें १८६० नंतरच्या दशकांत प्रवाशांचें लक्ष वेधण्यासाठीं आपलें नांव मुद्दाम लांबवून ५८ अक्षरांचें केलें. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांतल्या एका नगरानें १९५० सालीं नभोवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचें नांव धारण केलें, आणि 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' हें तेंच आजही चालू आहे. स्कॉटलंडमधील 'डल' आणि अमेरिकेंतील 'बोअरिंग' या गांवांनीं २०१२ सालीं आपसांत स्नेहसंबंध जोडला. नीरसाची कंटाळवाण्याशीं सोयरीक झाली, आणि दोन्हीं घरीं पाहुण्यांची वर्दळ वाढली!

आमच्या खारीच्या आणि तर्फांच्या नांवांस अशी जाहिरात कोणीं केली नाहीं. उलट आतां त्यांच्या विस्मरणाचीच भीति अधिक. ऑक्टोबर २०२४ मध्यें उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गांवांच्या भूमीवर नवें शहर वसविण्याचें काम सरकारनें महानगर प्राधिकरणाकडे सोंपविलें. शहर झालें म्हणजे इमारतींस परदेशी नांवें येतात, चौकांस क्रमांक येतात, आणि गांवाचें नांव हळूंच पत्त्याच्या शेवटच्या ओळींत जाऊन बसतें. पुढें ती ओळही गळते. तरी एक समाधान आहे. त्या नव्या शहरास ओळखण्यासाठीं 'कर्नाळा-साई-चिरनेर' हीं जुनींच तीन नांवें घ्यावीं लागलीं.

तेव्हां वाचकांस विनंति इतकीच, कीं आपल्या गांवाचें नांव विचित्र असेल तर तें लपवूं नये, आणि मुलांस तें तालुक्यासह पाठ करून द्यावें. कोणी हंसलें तर हंसूं द्यावें. रोह्यास आलांत तर अष्टमीसही अवश्य यावें. तिथि कोणतीही चालेल.