भिंतीतली चार भोके

स्वयंपाकघर नवे करायचे, हा आमच्या घरातला सात-आठ वर्षांचा जुना ठराव. दर दिवाळीला तो मांडला जायचा, एकमताने मंजूर व्हायचा आणि चकल्यांच्या धांदलीत बारगळायचा. गेल्या वर्षी मात्र गणपती पोचवून आलो आणि दुसऱ्याच दिवशी ओटा फोडायला घेतला. फडताळ निघाले, माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, आणि वीस वर्षांत प्रथमच मागची भिंत उघडी दिसली. तिला चार भोके होती.

दोन वर, माळ्याच्या उंचीला. एक जमिनीलगत, कोपऱ्यात. चौथे म्हणजे खरे तर भोक नव्हेच. भिंतीला चिकटून जमिनीतून हातभर वर आलेल्या एका लोखंडी नळाचे उघडे तोंड.

"ताई, ही सगळी बुजवून टाकू," मिस्त्री म्हणाले. "वरून टाइल बसली की कुणाला कळायचंसुद्धा नाही."

मला ते पटले. भोक म्हणजे झुरळांचा दरवाजा, एवढेच माझे या विषयातले शास्त्र. वरची दोन भोके त्याच दुपारी विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद झाली.

संध्याकाळी सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या त्या भिंत धरून. डोके भणभणत होते, मळमळत होते. पित्त झाले असेल म्हणून आम्ही आले-लिंबू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी मुलगी न्हाणीघराच्या दाराशीच मटकन खाली बसली. दहा वर्षांच्या मुलीला कसले आले पित्त? ह्यांनी रिक्षा आणली आणि दोघींना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी नाडी हातात घेतानाच विचारले, "घरात गॅसचा गीझर आहे का? त्याची धूरनळी कुठून बाहेर जाते?"

कुठून जाते? आमच्या न्हाणीघराला बाहेरची भिंत नाही. गीझरची पत्र्याची नळी स्वयंपाकघराच्या माळ्यावरून, पितळी घंगाळाच्या मागून, त्या वरच्या डाव्या भोकातून बाहेर जात होती. आदल्या दुपारी मी तिचा गळा आवळला होता!

ज्योत जळते ती हवेतला प्राणवायू खाऊन. तो पुरेसा मिळाला नाही आणि धूर बाहेर पडला नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला गुदमरल्याचेही कळत नाही. नुसते डोके दुखते, भोवंड येते, आणि दार आतून लावलेले असले तर पुढचे सांगायला नको. आमच्या दोघींना काही तास प्राणवायू देऊन घरी सोडले. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी मी मिस्त्रींना सांगितले, "आधी ते भोक फोडा. आणि आता कुठले भोक कशाचे, ते कळल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही."

पण कळायचे कसे? घर आम्ही बांधलेले नाही. उल्हासनगरच्या कॅम्प १ मधली पुष्कळ घरे अशीच आहेत. कुणी बांधली, कुणी वाढवली, कुणी अर्धी विकली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ही लष्करी छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. एकेका बराकीत पडदे, मग पत्रे, मग भिंती घालून कितीतरी संसार उभे राहिले. आमची मागची भिंत त्या बराकीचीच.

त्या भिंतीचा इतिहास सांगणारे एकच माणूस उरले होते : शेजारचे दादा. वय ऐंशीच्या पुढे, जन्म लाडकाण्याचा. त्यांचे बालपण याच बराकीत गेले. वरच्या उजव्या भोकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बेटा, इथे कोळशाची शेगडी होती. माझी आई पापड भाजायची. धूर इथून जायचा." मी आत बोट फिरवले. कोरडी, काळी, भुकटीसारखी काजळी निघाली. विद्युतपंख्याचे भोक असते तर तेलकट, पिवळसर चिकटा लागला असता. ही बोटाची परीक्षा मी सर्वांना सुचवीन. तिथे उदबत्ती धरली तर धूर जागचा हलला नाही, म्हणजे ती वाट पलीकडून केव्हाच बंद झाली होती. गीझरच्या नळीपाशी मात्र तो सरळ आत ओढला गेला. (उदबत्ती काय ती वरच्या भोकांपाशी, गॅस बंद करून. सांडपाण्याच्या नळापाशी ज्योत किंवा निखारा कधी नेऊ नये. तिथे पेटणारा वायू असू शकतो.)

आपल्याकडे धाब्याच्या घरांना छपरात साने ठेवत. त्याला शब्द होता, म्हणून ते बुजवायचे कुणाच्या मनात येत नसे. आमच्या भिंतीतल्या भोकांना नावेच नव्हती.

चौथ्या नळाचे कोडे मिस्त्रींनीच सोडवले, आणि तेही माझ्या भाषेत. "ताई, तेलाच्या डब्याला तुम्ही दोन भोकं का पाडता?" एकाच भोकातून तेल गटगट अडखळत येते, दुसरे पाडले की हवा आत शिरते आणि धार सरळ लागते. सिंकखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी सदैव साचून राहते आणि गटाराचा वायू अडवते. ही वाकडी नळी १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने काढली. पण पाण्याचा मोठा लोंढा गेला की तो हे साठलेले पाणीही ओढून नेतो. ते होऊ नये म्हणून नाल्याला हवा देणारा नळ हवा, आणि त्याचे तोंड घराबाहेर उंचावर हवे. आमचा वरून तुटून स्वयंपाकघरातच श्वास सोडत होता! पावसाळ्यात येणारा सडक्या अंड्यांचा वास मी इतकी वर्षे वालधुनी नदीच्या माथी मारीत होते. तो नळ आम्ही छपराच्या वर नेला.

(जाता जाता : नहाणी हा शब्द इंजिनियरांच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' म्हणून जसाच्या तसा आहे. माझ्या वर्गात हे सांगितले की मुले हसतात.)

राहिले कोपऱ्यातले खालचे भोक. आत चिनी मातीच्या जुन्या नळाची तपकिरी, चकचकीत कड दिसत होती. आमचे सांडपाणी दुसऱ्या नळाने जाते, म्हणजे हा मेलेला. काँक्रीट ओतायला मिस्त्री तयारच होते. पण एकदा पोळलेली मी. औषधाच्या दुकानातून पोटॅशियम परमँगनेट आणले, बादलीभर पाणी जांभळे केले आणि सगळ्या मोऱ्यांत ओतून पाहिले. आमच्या मोरीतले पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये गेले. मग उगीचच, खात्री म्हणून, दादांच्या सिंकमध्ये तांब्याभर ओतले.

"ताई, आलं!" आमच्या स्वयंपाकघरातून मिस्त्री ओरडले.

कोपऱ्यातल्या भोकातून जांभळी धार संथपणे वाहत होती. वर भिंती घालून संसार वेगळे झाले, पण जमिनीखाली बराकीचा नाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ तसाच होता. मी तो काँक्रीटने भरला असता, तर दादांच्या घरातले सारे उष्टे पाणी त्यांच्याच ओट्यावर उलटले असते, आणि दोष कुणाचा हे कुणालाच कधी कळले नसते.

दोन्ही घरांनी मिळून नवा नळ टाकला. दादांनी अर्धा खर्च हट्टाने दिला. काम चालू असताना ते खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे, की त्यांच्या लाडकाण्याजवळच मोहेंजोदडो आहे. १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांनी तिथे उत्खनन सुरू केले, आणि पुढे विटांनी बांधलेल्या, झाकण घातलेल्या गटारी निघाल्या. गाळ बसायला मध्येमध्ये खड्डे, घरातल्या नहाणीला उतार. "चार हजार वर्षांपूर्वी!" दादा मिस्त्रींना ऐकवायचे. मिस्त्री उतार मोजता मोजता मान डोलवायचे.

आता ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. कुठला नळ कुठून कुठे, किती इंचाचा, कुणाचा, आणि तारीख. अक्षर सासूबाईंचे. दादांच्या नळापुढे त्यांनी "शेजाऱ्यांचे पाणी, बंद करू नये" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. दादांना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, "हेच सिंधीत पण लिहू का?"

खाली त्यांनी लिहिले आहे. मला ते वाचता येत नाही.