सीटचं माप पायडलवरून

सायकलची सीट किती उंच हवी? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे: बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पण सायकल चालते तेव्हा पाय पायडलवर असतात, त्यामुळे माप तिथूनच घ्यायला हवं.

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो. त्या अवस्थेत मांडीच्या स्नायूंनी जोर लावला, की गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. बाक जितका जास्त, तितका हा दाब जास्त. चढावर वाटीभोवती दुखू लागतं आणि माणूस वयाला दोष देऊन सायकल सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं. सीट गरजेपेक्षा उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना डुलते आणि गुडघ्यामागे ताण बसतो.

हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये एक सूत्र मांडलं: जांघेपासून जमिनीपर्यंतच्या लांबीच्या १०९ टक्के. ही लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर सर्वांत खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ८७. पण मांडी-पोटरीचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. म्हणून पायडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहावा, हा निकष मला जास्त पटतो. घरी कोनमापक नको. भिंतीला धरून बसा, टाच तळाच्या पायडलवर ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की बाक आपोआप येतो. सीटच्या दांड्यावरची कमाल उंचीची खूण मात्र नळीबाहेर दिसता कामा नये.

या उंचीवर बसल्या बसल्या पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, म्हणून सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. नवशिक्यांनी सुरुवातीला सीट खालीच ठेवावी.

सीट वर गेली की तिच्या मानाने हँडल खाली जातं, हे बरेच जण विसरतात. मग धडाचा भार तळव्यांवर येतो. करंगळीच्या बाजूने तळव्यात शिरणारी नस दबते. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. शर्यतीत हवेचा विरोध कमी करायला वाकावं लागतं, पण भाजी आणायला जाताना त्याची गरज नाही. रोजच्या सायकलीचं हँडल सीटच्या बरोबरीने किंवा जरा वर असावं. हँडलची उंची बदलून त्याचा बोल्ट आवळल्यावर पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. ते जराही फिरलं, तर सायकल रस्त्यावर काढू नका.