शेजाऱ्याच्या शब्दावर

जुन्या घरात आजी सांगायची, ‘डबा माजघरात ठेव.’ कुणाच्या माजघरात, असं कुणी विचारत नसे. पण पाकिटावर नुसतं ‘माजघर’ लिहून ते टपालपेटीत टाकलं तर? घरच्या वाय-फायवर मोबाइलला १९२.१६८ ने सुरू होणारा जो आयपी पत्ता मिळतो, तो असाच माजघरी असतो. आपल्याकडे १९२.१६८.१.५ असेल, वरच्या मजल्यावरही नेमका तोच असेल, आणि कुणाचं काही बिघडत नाही; कारण तो पत्ता उंबरठ्याबाहेर चालतच नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा हा पत्ता खोडून राउटर तिथे दुसरा घालतो, कुणाचं काय गेलं ते टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. या उलाढालीला ‘नॅट’ म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात आमचं नेट गेलं. तार तुटली असणार, असं धरून मी तक्रार नोंदवायला फोन उचलला. सहज लॅपटॉपचा पत्ता पाहिला, तर तो १६९.२५४ ने सुरू होत होता. म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही म्हणून यंत्राने स्वतःच एक ठोकून दिला होता. बिघाड रस्त्यावर नव्हताच, घरात होता. राउटर बंद करून चालू केला, नेट आलं. फोन मुकाट्याने खाली ठेवला.

ही माजघरी सोय करावी लागली ती पत्त्यांच्या टंचाईमुळे. १९८१ मध्ये आयपीची चौथी आवृत्ती ठरली तेव्हा पत्ता ३२ बिटांचा ठेवला. त्यातून जेमतेम ४२९ कोटी पत्ते निघतात. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे, तिथे टंचाईची भीती नाही. आपल्याकडे अनेक मोबाइल कधीच तिच्यावर गेले आहेत, पण जुनी अजून निवृत्त व्हायचं नाव घेत नाही.

आता उंबरठ्याबाहेर. सार्वजनिक पत्त्याची मांडणी समजायला पिनकोडसारखं दुसरं काही नाही, आणि तो घडवणारे आपलेच. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. गुवाहाटीत पत्रांची छाननी करणाऱ्याला पुण्याच्या पेठा ठाऊक असायची गरज नाही. पहिला आकडा ४ दिसला की पत्र पश्चिमेच्या थैलीत. जवळ आल्यावर कुणीतरी ४११ वाचेल, त्याच्या पुढचं पुण्यात बघतील. आयपी पत्त्याचंही तसंच: पुढचा भाग वस्तीचा, मागचा घराचा. वस्तीचे बिट किती, हे तिरक्या रेघेनंतर लिहितात. /२४ म्हणजे २४ बिट वस्तीचे, उरलेल्या ८ बिटांत २५६ घरं. /२२ म्हणजे वस्ती मोठी, घरं १,०२४.

राउटरला अख्खा रस्ता कधीच माहीत नसतो. परगावात वाट विचारली की सांगतात ना, ‘सरळ जा, पुढे वडाचं झाड लागेल, तिथे विचारा’; अगदी तसं. प्रत्येक राउटर पुढच्या फाट्यापुरतं सांगतो. आपल्या तक्त्यात पाहताना तो एक नियम पाळतो: दोन नोंदी जुळल्या तर जास्त नेमकी असेल ती खरी. ४ ची थैली आहे आणि ४११ चीही, तर पुण्याचं पत्र ४११ च्याच थैलीत पडणार. नियम शहाणपणाचा आहे. पण वडाखाली बसलेला माणूस चुकीचं सांगत असेल तर?

२००८ च्या २४ आणि २५ फेब्रुवारीमधली रात्र. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी हुकूम निघाला होता. पाकिस्तान टेलिकॉमने युक्ती केली: यूट्यूबची २०८.६५.१५३.०/२४ ही वस्ती आमच्याकडे आहे, असं आपल्या जाळ्यात जाहीर करायचं, म्हणजे देशातली पॅकेटं येतील आणि तिथेच फेकून देता येतील. घरातली ही दवंडी आपल्या घड्याळात १२ वाजून १७ मिनिटांनी घराबाहेर गेली. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीने ती खरी मानली आणि जगाला सांगितली. यूट्यूबची स्वतःची दवंडी होती /२२ ची. पाकिस्तानची /२४, म्हणजे जास्त नेमकी. जगभरच्या राउटरांनी नियम पाळला आणि यूट्यूबची पॅकेटं पाकिस्तानात जाऊन नाहीशी होऊ लागली. कुणी कुलूप फोडलं नव्हतं, कुठलं यंत्र बंद पडलं नव्हतं.

यूट्यूबने १ वाजून ३७ मिनिटांनी तीच /२४ स्वतः जाहीर केली. आता दावे तोडीस तोड, त्यामुळे निम्मीशिम्मीच सुटका. मग ११ मिनिटांनी त्यांनी वस्तीचे दोन तुकडे करून दोन /२५ जाहीर केल्या, १२८ घरांची एकेक. म्हणजे ज्या नियमाने घात केला, त्याच नियमाचा आधार घेतला! अडीचच्या सुमाराला पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेल्या सगळ्याच दवंड्या मागे घेतल्या, तेव्हा प्रकरण निवळलं.

ही दवंडीची पद्धत म्हणजे बीजीपी. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन इथे एका बैठकीच्या वेळी, जेवताना, सिस्कोचे कर्क लॉकहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्तर यांनी तिचा आराखडा कागदी रुमालांवर मांडला. तेव्हा जाळी मोजकी होती, बहुतेक मंडळी एकमेकांना ओळखत होती. शेजारी खोटं का बोलेल? म्हणून त्याचं म्हणणं पडताळायची सोयच ठेवली नाही. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. गावात सातबारा बघून कुणी पत्ता सांगत नाही. आज त्याच भरवशावर दहा लाखांच्या आसपास दवंड्या फिरत आहेत.

सातबारा मात्र आता आला आहे. त्याचं नाव आरपीकेआय. पत्त्यांची वस्ती कोणत्या जाळ्याने जाहीर करायची, हे तिचा मालक सही करून नोंदवतो, आणि नोंद तपासणारे राउटर भलत्याची दवंडी सोडून देतात. पाकिस्तानची ती /२४ त्यात अडकली असती. पण या नोंदीत जमिनीचा मालक असतो, वाट नसते. मधल्या फाट्यावरचा माणूस ‘इकडूनच जा’ म्हणाला, तर ते त्याच्या शब्दावरच मानावं लागतं.